गोळा आत शिरल्यानंतर



रणगाड्याची ओळख करून देताना तीन आकडे सांगायची रीत आहे. तोफ किती मिलिमीटरची, इंजिन किती अश्वशक्तीचे आणि वजन किती टन. वर्तमानपत्रांतल्या चौकटी, संरक्षण प्रदर्शनांतले फलक, दूरचित्रवाणीवरच्या चर्चा, सगळीकडे याच तीन आकड्यांची आतषबाजी चालते आणि अमक्या देशाचा रणगाडा तमक्यापेक्षा सरस की कमी, याचा निवाडा होऊन जातो. हे आकडे खोटे नसतात. पण गेल्या पन्नास वर्षांतल्या लढायांत कोणत्या रणगाड्यातली माणसे परत आली आणि कोणत्यातली आली नाहीत, हे त्यांच्यावरून कळत नाही. ते कळते एका वेगळ्याच प्रश्नाच्या उत्तरावरून. तोफेचा दारूगोळा रणगाड्यात नेमका कुठे ठेवला आहे, आणि त्याच्या व माणसांच्या मध्ये काय आहे? आधुनिक रणगाड्याच्या रचनेतला सर्वांत निर्णायक मुद्दा हाच आहे, बाकीचे बरेचसे निर्णय त्याच्या मागून येतात, आणि आपल्या देशाने पुढचा रणगाडा घडवताना याच प्रश्नापासून सुरुवात करावी, असे मला आज मांडायचे आहे.

चिलखत भेदले जाणारच, असे धरून चालणे काहींना कच खाल्ल्यासारखे वाटेल. म्हणून तेवढे आधी सांगून टाकतो. रणगाड्याचे चिलखत सगळीकडे सारखे जाड नसते आणि असूही शकत नाही. समोरच्या अंगाला पोलाद, सिरॅमिक आणि इतर पदार्थांचे थर एकत्र करून बनवलेले भक्कम चिलखत असते. बाजूंना, पाठीमागे आणि माथ्यावर ते झपाट्याने पातळ होत जाते. सोव्हिएत बनावटीच्या टी-७२ च्या धडाची बाजू सुमारे ८० मिलिमीटर पोलादाची आहे. चहूबाजूंनी समोरच्याइतके संरक्षण द्यायचे ठरवले, तर असा रणगाडा कोणत्याच पुलाला पेलणार नाही. हल्ल्याची साधने मात्र वाढतच गेली. टंगस्टनची किंवा डिप्लिटेड युरेनियमची लांब सळई सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येते आणि कोणत्याही स्फोटाशिवाय, निव्वळ वेगाच्या जोरावर पोलादात घुसते. दुसरा प्रकार पोकळ स्फोटकाच्या अस्त्राचा. त्यात तांब्याच्या शंकूमागचे स्फोटक उडाले की तांब्याची बारीक धार तयार होते आणि तिच्या टोकाचा वेग सेकंदाला आठ-दहा किलोमीटरपर्यंत जातो. खांद्यावरून डागायच्या साध्या आरपीजीतही हेच तत्त्व असते. यावर उपाय निघाले आहेत. चिलखतावर बसवायच्या स्फोटक विटा आहेत; येणारे अस्त्र हवेतच फोडणारी इस्रायलची 'ट्रॉफी' यंत्रणा २०११ मध्ये प्रत्यक्ष चकमकीत यशस्वी ठरली. पण वीट एकदा फुटली की तेवढी जागा उघडी पडते, आणि हवेत मारा करणाऱ्या यंत्रणेजवळचे गोळेही मोजकेच असतात. ही साधने भेदले जाण्याची शक्यता कमी करतात, संपवत नाहीत. उरलेल्या शक्यतेचे काय करायचे, याचे उत्तर चिलखताकडे नाही. ते रणगाड्याच्या आतल्या मांडणीत शोधावे लागते.

आत काय घडते ते पाहू. भेदक सळई किंवा तांब्याची धार आत आली म्हणजे आतला प्रत्येक जण मरतोच असे नाही. ती ज्या रेषेत जाते त्या रेषेतले आणि चिलखताच्या आतल्या पृष्ठापासून उडणाऱ्या तप्त कपच्यांच्या शंकूतले जे असेल त्याचा नाश होतो. त्या रेषेबाहेरचा माणूस जखमी होऊन, कधी धडधाकटही, बाहेर पडू शकतो. खरा घात होतो तो त्या कपच्यांपैकी एखादी तोफेच्या दारूवर पडली तर. आजच्या रणगाड्यांच्या तोफांची काडतुसे पितळेची नसतात. त्यांचे आवरणही नायट्रोसेल्युलोजयुक्त, जळून जाणारे असते. बार झाल्यावर बुडाची छोटी धातूची वाटी तेवढी शिल्लक राहते. रणगाड्यात आग विझवणारी यंत्रणा असते, आणि ती इंधनाची किंवा तेलाच्या वाफेची आग काही मिलिसेकंदांत ओळखून विझवते. तोफेच्या दारूपुढे तिचे काही चालत नाही, कारण दारू आपला ऑक्सिजन स्वतःबरोबर घेऊन येते. ती पेटली की पेटली. टी-७२ च्या १२५ मिलिमीटर तोफेच्या एका मुख्य चार्जमध्ये, म्हणजे गोळा ढकलणाऱ्या काडतुसात, सुमारे पाच किलो दारू असते. त्याच्या गोळे भरणाऱ्या यंत्रात असे बावीस चार्ज असतात, म्हणजे शंभर किलोच्या वर. आता साधा हिशेब करा. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, ज्या कड्यावर बसतो त्याचा व्यास दोन मीटरच्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळ तीन चौरस मीटरांहून थोडे जास्त. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा एका वातावरणाएवढा जरी वाढला, तरी टरेटवर तीस टनांचा वर ढकलणारा रेटा बसतो. टी-७२ चा टरेट बारा टनांच्या घरातला, आणि बंद जागेत जळणाऱ्या दारूचा दाब एका वातावरणाशी थांबत नाही. इराकच्या वाळवंटापासून युक्रेनच्या शेतांपर्यंत धडापासून सुटून उलटे पडलेले टरेट जगाने पाहिले, त्यामागे एवढेच भौतिकशास्त्र आहे. त्या छायाचित्रांवर जगभर विनोद झाले. ज्यांच्या घरचे कोणी त्या टरेटमध्ये नव्हते, त्यांना ते परवडले.

हा धडा नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा शेर्मन रणगाडा लगेच पेट घेतो अशी त्याची ख्याती झाली होती, आणि दोष बरीच वर्षे पेट्रोल इंजिनावर ढकलला जात होता. तपासणीत वेगळेच निघाले. आग बहुतेक वेळा दारूगोळ्यापासून सुरू होत होती, कारण गोळे धडाच्या बाजूंच्या वरच्या भागात, पातळ चिलखतामागे रचलेले असत. १९४४ च्या सुमारास गोळे खाली, रणगाड्याच्या तळाशी हलवले आणि त्यांच्या पेट्यांभोवती पाण्याचे मिश्रण भरले. अमेरिकी सैन्याच्या तपासणीनुसार जुन्या मांडणीचे शेर्मन भेदले गेल्यावर ६० ते ८० टक्के प्रसंगी पेटत, नव्या मांडणीचे १० ते १५ टक्के. पाण्यापेक्षा बदललेल्या जागेनेच जास्त काम केले, असे पुढे मानले गेले. तोफ तीच, चिलखत जवळपास तेच. गोळ्यांची जागा बदलली आणि परत येणाऱ्या माणसांची संख्या बदलली. माझ्या म्हणण्याला याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण आहे.

इतका स्पष्ट धडा हाती असताना सोव्हिएत अभियंत्यांनी साठच्या दशकात नेमकी उलट दिशा का धरली? ते अडाणी नव्हते. खार्किवच्या अलेक्झांडर मोरोझोव यांनी घडवलेला टी-६४ हा त्या काळातला जगातला सर्वांत धाडसी रणगाडा होता. त्यांची विचारसरणी अशी: रणगाड्याच्या पोटातली प्रत्येक घनफूट जागा चिलखताने वेढावी लागते, म्हणून पोट लहान केले की वाचलेले वजन चिलखताला देता येते. सर्वांत जास्त जागा कोण व्यापतो? उभा राहून वजनदार गोळे भरणारा लोडर. त्याला काढून यंत्र बसवले की माणसे चारावरून तीनवर येतात, छप्पर खाली येते, आणि चाळीस टनांच्या आत-बाहेर वजनात पाश्चात्त्य रणगाड्यांपेक्षा मोठी तोफ व जाड समोरचे चिलखत बसते. टी-६४ मध्ये यंत्राच्या कड्यात चार्ज उभे असत, माणसांभोवती कुंपणासारखे. १९७३ मध्ये सैन्यात आलेल्या टी-७२ मध्ये ते टरेटच्या फरशीखाली एका फिरत्या चकतीत आडवे ठेवले गेले. ही चकती, तिला कॅरोसेल म्हणतात, बावीस गोळे धरते. खाली, आडवे आणि धडाच्या मधोमध, म्हणजे टी-६४ पेक्षा ही मांडणी सुरक्षितच म्हणायला हवी. पण गनर आणि कमांडर बसतात ते तिच्याच वर, मध्ये पातळ पत्रा. शिवाय टी-७२एम-१ या निर्यातीच्या प्रकारात एकूण चव्वेचाळीस गोळे असतात. उरलेले बावीस कुठे जातात? धडात आणि टरेटमध्ये जागा मिळेल तिथे, इंधनाच्या टाकीच्या खोबणीत, आसनामागे, माणसांच्या कोपराशी. चकतीची चर्चा खूप होते. माझ्या मते ही मोकळी बावीस काडतुसे चकतीपेक्षाही घातक आहेत, कारण ती चकतीइतकी खाली नाहीत आणि त्यांच्याभोवती काहीच नाही.

१९८० मध्ये अमेरिकी सैन्यात दाखल झालेल्या एम-१ एब्रॅम्सने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. १२० मिलिमीटर तोफेच्या एम-१ए-१ मध्ये चाळीस गोळे असतात. त्यातले चौतीस टरेटच्या मागच्या बाजूला, पाठपिशवीसारख्या बाहेर आलेल्या कप्प्यात आणि उरलेले सहा धडातल्या वेगळ्या कप्प्यात. कप्पा आणि माणसे यांच्यामध्ये जाड पोलादी सरकते दार. लोडर गुडघ्याने कळ दाबतो, दार उघडते, तो गोळा काढतो, दार बंद होते. खरी युक्ती दारात नाही, छपरात आहे. कप्प्याचे छप्पर मुद्दाम दुबळे केलेले आहे. ब्लो-आउट पॅनेल म्हणतात ते हेच. आतली दारू पेटली की दाब कमजोर वाटेने वर निघून जातो, ज्वाळा आकाशात जाते आणि पोलादी दाराच्या अलीकडची माणसे बाहेर पडायला मोकळी राहतात. दारू पेटूच नये असा हट्ट या रचनेत नाही. ती पेटणार हे मान्य करून तिला वाट काढून दिली आहे. एब्रॅम्सच्या गॅस टर्बाइनबद्दल, त्याच्या तहानेबद्दल पानेच्या पाने लिहिली गेली. त्या छपराबद्दल फार थोडे लिहिले जाते.

दारूची जागा माणसांपासून वेगळी असावी, हे शहाणपण आपल्याकडेही जुने आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांच्या प्रकरणात दारूखाना घरांच्या परिघात नसावा, तो वेगळा बांधावा, अशी ताकीद आहे. किल्ल्यावर ते सोपे होते, जागा होती. रणगाड्यात तीच गोष्ट तीन-साडेतीन मीटर रुंदीच्या पेटीत साधायची असते.

इथे कोणी म्हणेल की ही पूर्व-पश्चिमेची जुनीच कथा झाली, रशियन वाईट आणि पाश्चात्त्य चांगले. पुरावा तसे सांगत नाही. जर्मनीचा लेपर्ड-२ हा अनेकांच्या लेखी जगातला उत्तम रणगाडा. त्याच्या बेचाळीस गोळ्यांपैकी पंधराच टरेटच्या सुरक्षित कप्प्यात असतात; सत्तावीस धडात, ड्रायव्हरच्या शेजारी. डिसेंबर २०१६ मध्ये सीरियातल्या अल-बाबजवळ तुर्कस्तानने लेपर्ड-२ए-४ गमावले, तेव्हा त्यांतल्या काहींचे टरेट टी-७२ सारखेच धडापासून सुटलेले दिसले. ब्रिटनचा चॅलेंजर-२ घ्या. मार्च २००३ मध्ये बसराजवळ चुकून दुसऱ्या चॅलेंजरचाच गोळा त्याच्यावर आला, आतला दारूगोळा उडाला आणि दोन सैनिक मारले गेले. उलट फ्रान्सच्या लेक्लेर्कमध्ये रशियन रणगाड्यांप्रमाणे तीनच माणसे आणि गोळे भरायला यंत्र आहे, पण ते यंत्र बावीस गोळ्यांसह टरेटच्या मागच्या वेगळ्या कप्प्यात बसवले आहे. म्हणजे यंत्र विरुद्ध माणूस असाही हा वाद नाही. इस्रायलने १९७३ च्या युद्धातल्या भयंकर हानीनंतर जनरल इस्रायल ताल यांच्या मार्गदर्शनाखाली मेरकावा घडवला, त्यात इंजिन पुढे आणून तेही माणसांचे चिलखत केले, मागे दार ठेवले आणि साठ्यातले गोळे मागच्या भागात आगरोधक डब्यांत ठेवले. चार देश, चार मांडण्या. जिथे दारू वेगळी आहे तिथे माणसे वाचण्याची शक्यता वाढते, जिथे नाही तिथे घटते. झेंडा कोणता याने फरक पडत नाही.

सोव्हिएत मांडणीच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत सबळ युक्तिवाद असा की लहान, बुटक्या रणगाड्याला गोळा मुळात कमी वेळा लागतो. साठच्या दशकात तो खराच सबळ होता. तेव्हा अनेकदा गनर दुर्बिणीतल्या रेघांवर लक्ष्याची उंची मोजून अंतर ठरवत असे, आणि दोन किलोमीटरवर अर्ध्या फुटाचा फरकही नेम चुकवत असे. पण लेझर अंतरमापक, बॅलिस्टिक संगणक आणि रात्री उष्णतेवर दिसणारी दुर्बीण आल्यावर बुटकेपणाचा लाभ बराच आटला. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकमध्ये '७३ ईस्टिंग'च्या लढाईत धुळीच्या वादळात एब्रॅम्सच्या गनरांना इराकी टी-७२ दिसत होते, इराक्यांना एब्रॅम्स दिसत नव्हते. अंगाने बुटके असल्याचा इराक्यांना तिथे काहीच उपयोग झाला नाही. आता तर वरून पाहणाऱ्या ड्रोनला रणगाड्याची उंची कळतही नाही, त्याला फक्त छप्पर दिसते.

संख्येचा युक्तिवाद त्याहून कठोर आहे. तीन माणसांचा, हलका, स्वस्त रणगाडा हजारोंनी काढता येतो. एकतीस रणगाड्यांच्या सोव्हिएत बटालियनला त्र्याण्णव माणसे लागत, चार जणांच्या रणगाड्यांना एकशे चोवीस लागली असती. मोठे युद्ध, मोठी हानी आणि लगोलग भरती, या गणितात ते बसते. पण हे गणित एक गोष्ट धरत नाही. रणगाडा कारखान्यात पुन्हा तयार होतो. अनुभवी गनर, जमीन वाचणारा कमांडर आणि त्यांची एकमेकांची सवय तयार व्हायला वर्षे लागतात. रणगाडा जळून त्यातली माणसे परत आली, तर ती दुसऱ्या दिवशी दुसरा रणगाडा घेऊन निघू शकतात आणि पहिल्याने काय चूक केली हे त्यांना माहीत असते. माणसेच गेली तर नव्या रणगाड्यात नवशिकी मुले बसतात. १९९४-९५ च्या हिवाळ्यात चेचन्यातल्या ग्रोझ्नीत शिरलेल्या रशियन दलांचे जे हाल झाले, त्यात अननुभवी माणसे आणि उघडा दारूगोळा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. नैतिकतेचा मुद्दा मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. निव्वळ हिशेबानेही माणूस वाचवणे स्वस्त पडते.

युक्रेन युद्धानंतर आलेला आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो माझ्या आवडत्या उपायावरच बोट ठेवतो. टरेटच्या मागचा कप्पा बाहेर आलेला असतो, त्याचे छप्पर पातळ असते, आणि स्वस्त सुट्या भागांपासून जोडलेले, आरपीजीचा गोळा बांधलेले ड्रोन नेमके तिथेच येऊन आदळते. अमेरिकेने युक्रेनला दिलेल्या एकतीस एब्रॅम्सपैकी काही २०२४ च्या आरंभापासून असेच गेले. आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. ब्लो-आउट पॅनेल रणगाडा वाचवत नाही. कप्पा पेटला की तो रणगाडा लढाईतून बाद. त्याचे काम माणसांना बाहेर पडायला वेळ देणे एवढेच आहे, आणि ते काम ड्रोनच्या काळात कमी नव्हे, जास्त महत्त्वाचे झाले आहे, कारण आता मार छपरावरच येतो आणि छपराला भेदता येते. हाच घाव टी-७२ च्या छपरावर पडला की त्याच्या रेषेत खाली मोकळी काडतुसे आणि त्याखाली चकती येते. 'ड्रोनने रणगाडा संपवला' असे म्हणणाऱ्यांना मी इतकेच विचारीन की दोन्ही बाजू मग अजून रणगाडे दुरुस्त का करत आहेत, त्यांवर जाळ्या आणि पिंजरे का चढवत आहेत? खंदकातल्या पायदळाला चिलखताआडून थेट तोफेचा आधार देणारे दुसरे साधन अजून कोणी आणलेले नाही. स्वतः रशियन रचनाकारांनीही आपले मत बदललेले दिसते. टी-९०एम मध्ये चकतीबाहेरचे काही गोळे टरेटच्या मागच्या बाहेरील पेटीत गेले. ९ मे २०१५ रोजी मॉस्कोच्या संचलनात आलेल्या टी-१४ मध्ये तर तिन्ही माणसे धडातल्या वेगळ्या चिलखती कुपीत बसतात आणि टरेट निर्मनुष्य आहे. कॅरोसेल राहिले, माणसे त्याच्यापासून दूर झाली.

आता आपल्याकडे येऊ. वेगळ्या कप्प्याची किंमत वजनात मोजावी लागते, आणि वजन हा आपल्या देशातला खरा अडथळा आहे, असे सैन्यातले जाणकार सांगतात. ते चुकीचे नाही. पंजाबचे कालवे, नद्यांवरचे पूल, रेल्वेचे सपाट डबे, हे सगळे चाळीस-पंचेचाळीस टनांच्या रणगाड्यांच्या सवयीचे आहे. १९७४ मध्ये मंजुरी मिळालेल्या अर्जुन या देशी रणगाड्याचे वजन पहिल्या प्रकारात साडेअठ्ठावन्न टन होते, एमके-१ए मध्ये ते ६८ टनांवर गेले. अर्जुनमध्ये दारूगोळा माणसांपासून वेगळ्या, झडपेच्या कप्प्यांत ठेवण्याची व्यवस्था आहे आणि त्याबद्दल त्याच्या रचनाकारांना जितके श्रेय मिळायला हवे तितके मिळालेले नाही. पण सैन्याने पहिल्या प्रकाराचे १२४ आणि पुन्हा १२४ घेतले, २०२१ मध्ये एमके-१ए चे ११८ मागवले, आणि तिथेच थांबले. मुख्य भर टी-७२ आणि टी-९० वरच राहिला. यावरून 'सुरक्षित मांडणी म्हणजे अवजड रणगाडा' असे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. ते समीकरण जपानने मोडून दाखवले आहे. जपानचा 'टाइप १०' सुमारे ४४ टनांचा आहे, म्हणजे टी-९० पेक्षाही हलका. त्यात १२० मिलिमीटरची तोफ, तीन माणसे आणि टरेटच्या मागच्या कप्प्यात गोळे भरणारे यंत्र आहे. जपानचे पूल, डोंगर आणि अरुंद रस्ते आपल्याहून उदार नाहीत. चीनने तिबेटच्या पठारासाठी घडवलेल्या हलक्या 'टाइप १५'मध्येही गोळे भरणारे यंत्र टरेटच्या मागच्या भागात आहे. आपला पंचवीस टनांचा 'जोरावर' त्याच वळणाचा आहे. वजन वाढते ते चौथ्या माणसाला उभे राहायला जागा द्यावी लागते म्हणून आणि चारही जणांभोवती जाड चिलखत फिरवावे लागते म्हणून. तीन माणसे आणि मागचा कप्पा ही जोडी वजनाच्या मर्यादेत बसते.

या जोडीचीही किंमत आहे, ती लपवू नये. तीन माणसे राहिली की सुटलेला पट्टा चढवायला, पहारा द्यायला, दिवसभराची देखभाल करायला एक जोडी हात कमी पडतात, आणि मागच्या कप्प्यात गोळे कमी मावतात. दक्षिण कोरियाच्या के-२ च्या यंत्रात सोळाच आहेत. पहिल्या तक्रारीवर रणगाड्यांबरोबर देखभालीची जादा माणसे द्यावी लागतील आणि तो खर्च मान्य करावा लागेल. दुसरी तक्रार मला तितकी पटत नाही. चव्वेचाळीस गोळ्यांचा हिशेब त्या काळातला आहे, जेव्हा एका लक्ष्याला तीन-चार गोळे लागत. आज दोन किलोमीटरवरचे लक्ष्य पहिल्या गोळ्यातच लागण्याची अपेक्षा असते. गावात पायदळाला आधार देताना गोळे लवकर संपतात, हे खरे. पण त्यावर उपाय जवळ उभ्या असलेल्या पुरवठा वाहनाचा आहे. वीस जादा गोळे गनरच्या पाठीशी रचून ठेवणे हा उपाय म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात या विषयाशी थेट संबंध असलेल्या संस्था आहेत. पुण्यातल्या आयुध संशोधन संस्थेने अर्जुनची १२० मिलिमीटर तोफ विकसित केली. पुण्यातच उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत स्फोटक विटांवर आणि जळून जाणाऱ्या काडतुसांवर काम झाले. अहिल्यानगरला वाहन संशोधन संस्था आहे आणि चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्रही तिथेच. म्हणजे दारू, तोफ, वाहन आणि त्यात बसणारा माणूस, चौघांचाही अभ्यास या दोन शहरांत होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण संपादन परिषदेने टी-७२ ची जागा घेणाऱ्या भावी रणगाड्याच्या प्रस्तावाला प्राथमिक मान्यता दिली. त्याआधी २०२१ मध्ये माहिती मागवली गेली तेव्हा १,७७० रणगाड्यांची गरज सांगितली होती. हे रणगाडे पुढची तीस-चाळीस वर्षे चालतील. त्यांच्या गरजपत्रात तोफेच्या व्यासाआधी आणि इंजिनाच्या शक्तीआधी एक अट लिहिली जावी: माणसे बसतात त्या जागेत तोफेची दारू असणार नाही, आणि ही अट कागदावर नव्हे, तर भरलेल्या कप्प्यावर प्रत्यक्ष गोळा डागून सिद्ध करावी लागेल. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने या प्रकल्पाचा पहिला प्रश्न म्हणून त्याच चाचणीचा निकाल मागावा. आणि ते रणगाडे येईपर्यंत आज आपल्याकडे असलेल्या दोन हजारांवर टी-७२ मध्ये युद्धाला निघताना चकतीतले बावीस गोळे तेवढे न्यावेत, बाकीचे खाली उतरवावेत. त्याला नवा रणगाडा, निविदा किंवा परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. एक आदेश पुरतो.